गाडीवर झाड कोसळले आणि विमा फक्त थर्ड पार्टी: भरपाई कोणाकडे, किती आणि कशी मागावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात कोथरूडच्या एका सोसायटीत, आवारातील नेमून दिलेल्या जागेवर उभी असलेली सात वर्षे जुनी पेट्रोल हॅचबॅक गाडी मे महिन्यातील वळवाच्या पावसात सीमाभिंतीलगतच्या गुलमोहराखाली सापडली. छत दबले, समोरची काच फुटली, बॉनेट आणि डावा दरवाजा चेपला. गाडी मालकाने तीन वर्षांपूर्वी जुनी म्हणून विकत घेतली होती आणि तिचा विमा फक्त थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणारा आहे. सोसायटी म्हणते ही नैसर्गिक आपत्ती आहे, तुम्ही महापालिकेकडे जा. महापालिकेचा उद्यान विभाग म्हणतो झाड खासगी आवारातले आहे, आमचा संबंध नाही. विमा कंपनीने पहिल्याच फोनवर नकार दिला. आता काय करावे?

मोटार नुकसानीचा परवानाधारक सर्व्हेअर, म्हणजे विमा दाव्यांसाठी नुकसान तपासून मोजणारा, म्हणून पुणे आणि मुंबई परिसरात अनेक वर्षे काम करताना अशा गाड्या मी दर पावसाळ्यात पाहतो. माझे मत आधीच सांगतो. थर्ड पार्टी पॉलिसीतून पैसे मिळणार नाहीत, त्या वाटेवर वेळ घालवू नये. भरपाईची शक्यता असेल तर ती झाडाची जबाबदारी ज्याच्याकडे होती त्याच्याकडून आहे, आणि ती बहुतांशी एकाच गोष्टीवर ठरते: हे झाड धोकादायक आहे, हे त्याला पडण्याआधी कोणी लेखी कळवले होते का. असा कागद सापडला तर मागणीला वजन येते. सापडला नाही तर झाडाच्या बुंध्यातच पुरावा शोधावा लागतो, आणि बुंधा फार दिवस जागेवर राहत नाही.

तरीही पॉलिसी एकदा पूर्ण वाचून घ्यावी, कारण आपली पॉलिसी नेमकी कोणती हे अनेक मालकांना ठाऊक नसते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारींना एकदम तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो, आणि त्यासोबत स्वतःच्या नुकसानीचा भाग पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. वर्षभराने हा भाग संपतो, पण कागदावर तीन वर्षांची तारीख दिसत असल्याने मालक निर्धास्त राहतो. उलट प्रकारही घडतो: बँकेने कर्ज देताना पूर्ण पॉलिसी घ्यायला लावलेली असते आणि मालक ती थर्ड पार्टीच समजत असतो. पॉलिसीच्या तक्त्यात ‘ओन डॅमेज प्रीमियम’ असा वेगळा आकडा आहे का आणि त्या भागाची मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे, एवढे पाहावे. थर्ड पार्टीसोबत फक्त आग व चोरीचे संरक्षण देणारीही एक पॉलिसी असते, परंतु झाड पडणे हे ना आग ना चोरी, त्यामुळे तिचा येथे उपयोग नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी आणखी एक बाब आहे. गाडीची मालकी बदलली की मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १५७ नुसार थर्ड पार्टीचे संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप आले असे मानले जाते, पण स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण आपोआप येत नाही. त्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज करावा लागतो. पूर्वीच्या मालकाच्या नावावरच राहिलेल्या पूर्ण पॉलिसीवर दावा करायला गेलेले लोक येथेच अडकतात.

आणि एक सल्ला हमखास मिळतो, तो ऐकूच नये: ‘आता पूर्ण विमा काढा, महिनाभराने झाड पडले असे सांगा.’ खंड पडलेल्या किंवा नव्याने घेतलेल्या ओन डॅमेज पॉलिसीआधी गाडीची पाहणी होते किंवा तिचे छायाचित्रण मागितले जाते. शिवाय लोखंडावर चढलेला गंज, दुमडलेल्या पत्र्याच्या घडीत साचलेली धूळ आणि वाळलेली पाने यांवरून नुकसान किती जुने आहे हे सरावाच्या डोळ्याला कळते. असा दावा फेटाळला जातो आणि फसवणुकीचे प्रकरण मागे लागते ते वेगळेच.

एका अपवादात थर्ड पार्टी विमा खरोखर उपयोगी पडतो, मात्र तो तुमचा नव्हे, दुसऱ्याचा. एखाद्या ट्रकने, टँकरने किंवा क्रेनने झाडाला धडक दिल्यामुळे किंवा फांदी ओढल्यामुळे झाड तुमच्या गाडीवर पडले असेल, तर त्या वाहनाच्या थर्ड पार्टी विम्यातून मालमत्तेची भरपाई मागता येते. त्यासाठी पोलिसांत त्या वाहनाच्या क्रमांकासह नोंद हवी आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. तुमच्या बाबतीत वादळ हेच कारण दिसते, म्हणून पुढे जाऊ.

आता पुराव्याविषयी. येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण अशी बहुतेक प्रकरणे पहिल्या दोन दिवसांत हातची जातात. झाडाखाली विजेची तार अडकलेली असेल तर गाडीला किंवा ओल्या फांदीला हात लावू नये. महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवून पुरवठा बंद झाल्याची खात्री करावी. त्यानंतर अग्निशमन दलाला १०१ वर वर्दी द्यावी. शेजाऱ्यांनी आपापसांत करवत आणून झाड कापले तर रस्ता लवकर मोकळा होतो, पण घटनेची सरकारी नोंद कुठेच राहत नाही. अग्निशमन दलाच्या वर्दीची वेळ, ठिकाण आणि केलेले काम नोंदले जाते, आणि नंतर अर्ज करून त्याचा दाखला मिळवता येतो. पोलिस ठाण्यात अर्ज देऊन पोच घ्यावी. झाड पडणे हा गुन्हा नाही, त्यामुळे प्रथम माहिती अहवालाचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. ठाणे दैनंदिनीतील नोंद आणि अर्जावरचा शिक्का पुरेसा आहे. तलाठ्याच्या पंचनाम्यामागे मात्र धावू नये, कारण आपत्ती निवारण निधीची मदत घर, पीक, पशुधन अशा नुकसानीसाठी असते, खासगी मोटारीसाठी नसते.

छायाचित्रे काढताना जवळजवळ प्रत्येक जण गाडीची काढतो आणि झाडाची विसरतो. दाव्याच्या दृष्टीने झाडाची छायाचित्रे अधिक मोलाची आहेत. झाड मुळासकट उपटले की बुंध्यातून मोडले? मोडले असेल तर मोडलेल्या जागी लाकूड पिवळसर, ताजे, तंतुमय आहे की काळपट, भुसभुशीत, पोकळ आहे? वाळवीची माती, बुंध्यावर उगवलेल्या अळंब्या, जुन्या चुकीच्या छाटणीची कुजलेली खाच दिसते का? उपटले असेल तर मुळांचा गड्डा किती मोठा आहे, एका बाजूची मुळे सरळ रेषेत कापल्यासारखी आहेत का? सोसायटीने ड्रेनेजची किंवा गॅसची वाहिनी टाकताना, सीमाभिंत बांधताना चर खणला असेल तर मुळे अशीच छाटली जातात, आणि झाड दोन-तीन पावसाळ्यांनी त्याच बाजूच्या उलट दिशेला झुकते. बुंध्याला अगदी चिकटून पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट घातलेले असेल तर तेही टिपावे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता. तो आदेश पुण्याच्या सोसायटीला थेट बांधील नसला तरी काँक्रीटने झाडाचे नुकसान होते ही माहिती सर्वश्रुत आहे, हे दाखवायला तो कामी येतो. मोजपट्टी किंवा किल्ली शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. शक्य असेल तर मोडलेल्या भागाचा एक गोल काप उचलून कोरड्या जागी ठेवावा. करवतवाल्या पथकाला विनंती केली तर ते सहसा नाही म्हणत नाहीत.

गुलमोहराबद्दल एक शब्द. हे मूळचे मादागास्करचे झाड. लाकूड ठिसूळ, मुळे बरीचशी उथळ आणि पसारा छत्रीसारखा रुंद. आपल्या शहरांत शोभेसाठी ते भरपूर लावले गेले आणि वाहनतळाच्या कडेला तर विशेष. वळवाच्या पहिल्या सोसाट्यात पडणाऱ्या झाडांत ते वारंवार दिसते, आणि हे कोणत्याही माळ्याला ठाऊक असते. ‘असे काही होईल याची कल्पनाच नव्हती’ हा बचाव गुलमोहराच्या बाबतीत थोडा दुबळा पडतो, तो यामुळे.

आता मुख्य प्रश्न: जबाबदार कोण? सोसायटीच्या आवारातील झाडाची देखभाल सोसायटीची आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार झाड तोडण्यासाठी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, म्हणून सोसायट्या सांगतात की आमचे हात बांधलेले होते. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. झाड मृत, रोगट किंवा जीवितास अथवा मालमत्तेस धोकादायक असेल तर परवानगी नाकारता येत नाही अशीच कायद्याची रचना आहे. पण परवानगी मागावी लागते. म्हणून सोसायटीला विचारायचा प्रश्न एकच: तुम्ही अर्ज केला होता का? केला असेल तर त्याची प्रत द्या. केला नसेल तर हात कोणी बांधले होते?

या एका प्रश्नाच्या उत्तरावर प्रकरणाची दिशा बदलते. सोसायटीने छाटणीसाठी किंवा तोडण्यासाठी अर्ज केला होता, उद्यान विभागाने पाहणी केली नाही किंवा फाइल अनेक महिने पडून राहिली, असे निघाले तर सोसायटीची बाजू बळकट होते आणि महापालिकेची जबाबदारी पुढे येते. उलट एखाद्या सदस्याने समितीला पत्र लिहून ‘झाड गाडीतळाकडे झुकले आहे’ असे कळवले होते, सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात चर्चा नोंदलेली आहे, किंवा महापालिकेने पावसाळ्यापूर्वी धोकादायक फांद्या छाटण्याची नोटीस सोसायटीला दिली होती, आणि समितीने खर्चाच्या कारणाने विषय पुढे ढकलला, तर ती निव्वळ नैसर्गिक आपत्ती उरत नाही. सदस्य म्हणून इतिवृत्ताची प्रत मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातील जुने संदेशही जपून ठेवावेत, मात्र केवळ स्क्रीनशॉट न ठेवता मूळ संभाषण फोनवरून पुसले जाणार नाही याची काळजी घ्यावी.

महापालिकेकडून कागद मिळवण्यासाठी माहिती अधिकार अधिनियम, २००५ वापरावा. दहा रुपये शुल्कात अर्ज होतो आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. या पत्त्यावरील झाडांबाबत गेल्या पाच वर्षांत आलेले छाटणीचे अर्ज व तक्रारी, त्यांवरील पाहणी अहवाल, दिलेल्या नोटिसा, आणि वृक्षगणनेत या झाडाची जात, घेर व प्रकृती यांविषयी असलेली नोंद, एवढे मागावे. प्रश्नार्थक वाक्ये लिहू नयेत. ‘का केले नाही’ असे विचारले की ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर येते. ‘प्रती द्या’ असे लिहावे.

केवळ ‘झाड पडले, नुकसान झाले, भरा’ एवढ्यावर न्यायालयात का टिकत नाही, हे समजण्यासाठी राजकोट महानगरपालिकेचा खटला लक्षात ठेवावा. १९७५ साली पदपथावरून रेल्वे स्थानकाकडे चाललेल्या एका नोकरदार माणसावर रस्त्याकडेचे झाड पडले आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. खालच्या न्यायालयाने कुटुंबाला ४५,००० रुपयांची भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, पण १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय फिरवला. झाडे लावणे व जोपासणे हे महापालिकेचे कर्तव्य असले तरी झाड पडले एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही; धोका आधी ओळखता येण्याजोगा होता हे दाखवावे लागते, असा त्याचा गाभा. मृत्यूच्या प्रकरणात ही कसोटी लागली, तर चेपलेल्या गाडीसाठी ती सैल होईल अशी आशा ठेवू नये. मला हा निर्णय पीडितांच्या दृष्टीने कठोर वाटतो, पण तो आहे, आणि महापालिकेचे वकील तो पुढे करणार हे गृहीत धरूनच तयारी करावी. आधीची लेखी तक्रार एवढी मोलाची आहे ती याच कारणाने.

नैसर्गिक आपत्तीच्या बचावाला हवामानाच्या नोंदींनी उत्तर देता येते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी मुंबईत कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला. अशा दिवशी पडलेल्या निरोगी झाडासाठी कोणाला दोष देणे कठीण आहे. पण वळवाचा पाऊस पुण्याला दर वर्षी येतो. त्या दिवशीचा वाऱ्याचा वेग शिवाजीनगर वेधशाळेच्या नोंदीतून मिळवावा, आणि आसपासची तशीच झाडे उभी राहिली याची छायाचित्रे सोबत जोडावीत. शेजारची दहा झाडे जागेवर आणि पोखरलेले एकच आडवे, हे चित्र पुष्कळ काही सांगून जाते.

नोटिशीच्या मुदतींबाबत हयगय करू नये. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ नुसार महापालिकेविरुद्ध दावा लावण्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. मुंबईत हीच तरतूद १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ५२७ मध्ये आहे. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, म्हणजे राज्य शासनाचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. माहिती अधिकाराचे उत्तर येईपर्यंत थांबू असे म्हणत हे सहा महिने निसटतात. नोटीस आधी पाठवावी, कागद मागाहून जोडावेत.

सोसायटीविरुद्ध गेल्यास आणखी एक पेच आहे. नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर सदस्य आणि संस्था यांच्यातील वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयाकडे जाऊ शकतो, आणि कलम १६४ ची निबंधकाला द्यावयाची दोन महिन्यांची नोटीसही लागू होऊ शकते. पण पुण्यात ज्याला आपण सरसकट सोसायटी म्हणतो ती अनेकदा १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालील संघटना असते. तेथे दिवाणी न्यायालय. म्हणून वकिलाकडे जाताना नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आधी मिळवावी. ग्राहक आयोगाकडे जा असा सल्ला महापालिकेच्या बाबतीत अनेक जण देतात, पण मालमत्ता कर हा सेवेचा मोबदला मानला जात नाही, त्यामुळे अशी तक्रार उंबरठ्यावरच अडखळते.

खरे सांगायचे तर लाख-दीड लाखाच्या दाव्यासाठी दिवाणी खटला लढवणे बहुतेकांना परवडत नाही, आणि त्याच सोसायटीत राहून समितीशी कोर्टात भांडणे तर त्याहून जड जाते. मी बहुधा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करण्यास सुचवतो. तेथे न्यायालयीन शुल्क नाही, दोन्ही बाजूंना बोलावले जाते, आणि लोकअदालतीत झालेली तडजोड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी अमलात येते. समितीलाही ते सोयीचे असते, कारण निधीतून पैसे देण्यासाठी सर्वसाधारण सभेपुढे ठेवायला अधिकृत कागद मिळतो. सोसायटीने इमारतीच्या विम्यासोबत सार्वजनिक दायित्वाचे संरक्षण घेतले आहे का हेही विचारावे. फार थोड्या सोसायट्यांकडे ते असते, पण असेल तर त्यांनी तत्काळ आपल्या विमा कंपनीला कळवणे आवश्यक आहे.

मागणी किती करावी? अधिकृत वर्कशॉपचे एस्टिमेट जसेच्या तसे मागणे हा सर्वांचा पहिला विचार असतो, आणि समोरचा तेथेच बिथरतो. सात वर्षांच्या गाडीला नवे भाग बसवून मिळाले तर मालक पूर्वीपेक्षा चांगल्या स्थितीत येतो. तेवढा फायदा वजा करणे न्याय्य आहे. पूर्ण विमा असता तर किती मिळाले असते, हा तडजोडीसाठी चांगला आकडा आहे. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला धातूच्या भागांवर ४० टक्के, प्लास्टिक, रबर व बॅटरीवर ५० टक्के घसारा, म्हणजे वापराने कमी झालेली किंमत, कापतात, काचेवर काही कापत नाहीत, आणि रंगकामात साहित्याचा वाटा बिलाच्या एक चतुर्थांश धरून त्यावर ५० टक्के कापतात.

समजा एस्टिमेट कर वगळून १,१३,००० रुपयांचे आहे: धातूचे भाग ४०,०००, काच १२,०००, प्लास्टिक व रबर ८,०००, मजुरी २५,००० आणि रंगकाम २८,०००. विमा कंपनीने धातूचे २४,०००, काचेचे १२,०००, प्लास्टिकचे ४,०००, मजुरी पूर्ण २५,००० आणि रंगाचे २४,५०० असे ८९,५०० रुपये धरले असते. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीची वजावट (दाव्यातला मालकाने स्वतः सोसायचा वाटा), म्हणजे हाती ८८,५००. टोइंगचा खर्च आणि दुरुस्तीच्या काळातील वाजवी प्रवासखर्च यात वेगळे मिळवावेत. न्यायालय विम्याच्या या तक्त्याला बांधील नाही, पण समितीपुढे असा मांडलेला हिशेब आणि ‘शोरूमने सव्वा लाख सांगितले’ हे वाक्य यांत फरक पडतो. परवानाधारक सर्व्हेअरकडून स्वतःच्या खर्चाने मूल्यांकन अहवाल घेता येतो; रक्कम लहान असेल तर दोन गॅरेजची लेखी एस्टिमेटे चालतील.

गाडी तशीच उघड्यावर सोडून मात्र वाट पाहू नये. फुटलेल्या काचेतून दोन पावसांचे पाणी आत गेले आणि सीटखालची वायरिंग खराब झाली, तर ते वाढीव नुकसान तुमच्याच माथी येते. ताडपत्री बांधावी, बॅटरीची तार सोडवावी, आणि समोरच्या पक्षाला सात दिवसांची मुदत देऊन पाहणीस बोलवावे. आले नाहीत तर काम सुरू करावे. बदललेले जुने भाग निकाल लागेपर्यंत जपावेत.

दुरुस्तीत पैसे वाचवण्याची जागा वेगळी आणि न वाचवण्याची वेगळी. बॉनेट, दरवाजा, फेंडर हे बोल्टने बसणारे भाग आहेत. ते बाहेरच्या चांगल्या गॅरेजमध्ये डेंटिंग करून किंवा जुन्या बाजारातून घेऊन बसवले तरी बिघडत नाही. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर असे भाग मिळतात. बिल मात्र घ्यावे, कारण चोरीच्या गाडीचा भाग निघाला तर त्रास तुम्हालाच होईल. रंग उडालेला नसेल आणि खोलगा उथळ असेल तर रंग न लावता आतून पत्रा उठवण्याचे कामही स्वस्तात होते.

छताचे तसे नाही. छताचा पत्रा गाडीच्या सांगाड्याला स्पॉट वेल्डने जोडलेला असतो आणि पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब त्याचे वजन पेलतात. खांब वाकला आहे का हे पाहण्यासाठी काचेच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. फरक दिसला तर चौकट तिरकी झाली आहे. दरवाजाभोवतीची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, दरवाजा न उचलता लागतो का, हेही पाहावे. खांब सरळ असेल आणि फक्त छताचा मधला भाग बसला असेल तर अनुभवी कारागीर आतले अस्तर काढून पत्रा उठवतो, आणि खर्च निम्म्याहून खाली येऊ शकतो. खांब वाकलेला असेल तर पुट्टी भरून चौकट सरळ दिसेल असे काम करू देऊ नये. पुढच्या अपघातात तोच खांब माणसाला वाचवतो. तेथे चेसिस ओढण्याचे यंत्र असलेल्या वर्कशॉपमध्येच जावे. वरच्या श्रेणीच्या गाड्यांत छताच्या कडेने पडदा एअरबॅग असते, म्हणून अस्तर काढण्याआधी बॅटरी सोडवलीच पाहिजे.

छोट्या गोष्टींत दोन सांगतो. फुटलेल्या काचेचे कण एसीच्या झरोक्यांत गेलेले असतात. ते व्हॅक्यूमने ओढून काढल्याशिवाय पंखा सुरू करू नये, नाहीतर ते थेट डोळ्यांकडे येतात. आणि नवी काच बसवल्यावर सीलंट वाळायला गॅरेजने सांगितलेला वेळ देऊन मगच पाण्याचा पाइप लावून गळती तपासावी. पुष्कळ गाड्यांत गळती पहिल्या मोठ्या पावसातच कळते, तोवर गॅरेजवाल्याला पैसे दिलेले असतात.

एस्टिमेट गाडीच्या बाजारभावाच्या तीन चतुर्थांशापुढे गेले तर दुरुस्तीचा हट्ट सोडावा. विमा कंपन्याही साधारण याच मर्यादेला गाडी संपूर्ण नुकसान धरतात. अशा वेळी आहे त्या स्थितीत गाडी विकण्याचे भाव दोन-तीन ठिकाणांहून लेखी घ्यावेत, कारण बाजारभाव वजा आलेली किंमत हेच मग तुमचे नुकसान ठरते. विकताना मालकी हस्तांतर आपल्या डोळ्यांदेखत पूर्ण करावे. भंगार म्हणून दिलेली गाडी वर्षभराने दुसऱ्या जिल्ह्यात धावताना सापडण्याचे प्रकार होतात. नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्राकडे दिल्यास ठेव प्रमाणपत्र मिळते, नव्या खासगी गाडीच्या करात त्याची सवलत मिळू शकते, आणि मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी रद्द करण्यासाठी ते आरटीओकडे दाखवता येते. गाडीवर कर्ज असेल तर हप्ते थांबत नाहीत. बँकेचे ना हरकत पत्र मिळाल्याशिवाय विक्री किंवा स्क्रॅप काहीच होणार नाही.

पुढच्या विम्याविषयी. सप्टेंबर २०१९ पासून स्वतःच्या नुकसानीची पॉलिसी वेगळी घेता येते. चालू थर्ड पार्टी पॉलिसी मोडावी लागत नाही आणि कंपनी दुसरी असली तरी चालते. दुरुस्ती पूर्ण झाल्यावर, पाहणी करून ती घ्यावी. १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता जून २०२२ च्या दराप्रमाणे कर वगळून ३,४१६ रुपये आहे. जुन्या छोट्या गाडीला ओन डॅमेजचा भाग त्यात किती भर घालतो हे तीन कंपन्यांकडे विचारून पाहावे, फरक बरेचदा लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी असतो. शून्य घसाऱ्याचे संरक्षण सात वर्षांच्या गाडीला अनेक कंपन्या देत नाहीत, तर त्यावाचून घ्यावे. गाडी झाडाखाली उभी करावी लागते त्यांनी तरी केवळ थर्ड पार्टीवर राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच सीमाभिंतीलगत आणखी गुलमोहर उभे असतील तर आजच समितीला छायाचित्रांसह पत्र द्यावे, एक प्रत क्षेत्रीय कार्यालयातील उद्यान विभागाला द्यावी, आणि दोन्हींवर तारखेसह पोच घ्यावी.